लाट आणि फुजीच्या पलीकडे

संपादक महोदय,
सनविवि. जपानी ठसेचित्रांवर मराठीत काही छापून आलं की हमखास चित्रकार होकुसाईची ती मोठी लाट नाहीतर फुजी पर्वत, याचं खरंच वाईट वाटतं. तशाच लाकडी ठशांवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ढीगभर सचित्र पुस्तकं छापली जायची, पाठीवर गठ्ठा घेऊन दारोदार फिरणारे लोक ती भाड्याने द्यायचे, आणि त्यात बायकांचं रोजचं जगणं नुसतं भरलेलं आहे.

क्योतोचा चित्रकार निशिकावा सुकेनोबु, त्याचं १७२३ चं पुस्तक बघा. पहिल्या भागात सम्राज्ञी, दरबारी बायका, सामुराईंच्या घरातल्या, मग शेतातल्या, मागावर बसलेल्या, दुकानातल्या, आणि दुसरा अख्खा भाग गणिकांचा, अगदी रस्त्यावर उभं राहणाऱ्यांपर्यंत. सम्राज्ञी आणि ती रस्त्यावरची बाई एकाच पुस्तकात, हे मला फार मोठं वाटतं.

चित्रकार उतामारोचं १८०४ चं योशिवारावरचं, म्हणजे एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) गणिकांच्या वस्तीवरचं पुस्तक दिसायला जास्त देखणं, नटूनथटून जाळीमागे ओळीने बसलेल्या मुली, भारी किमोनो. पण यातल्या कितीतरी जणींना घरच्यांनीच पैसे घेऊन तिथे दिलेलं असायचं, ते कर्ज चित्रात कुठेच दिसत नाही, म्हणून हे पुस्तक नुसतं सुंदर सुंदर म्हणून बघू नये.

आणि ओई! होकुसाईची मुलगी, लग्न मोडल्यावर वडिलांकडे परत आली आणि त्यांच्यासोबत चित्रं काढत राहिली, बायका तर ती माझ्याहून सरस काढते असं ते स्वतः म्हणायचे असं सांगतात. १८४७ मध्ये बायकांसाठी रोजच्या उपयोगाचं एक पुस्तक निघालं, लग्न बाळंतपण लिहिणं-वाचणं सगळं त्यात, त्याची चित्रं ओईची. तेव्हाची पद्धत अशी की पातळ कागदावरचं चित्र चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचं आणि कोरणारा त्या रेषांवरूनच कोरायचा, म्हणजे मूळ चित्र कायमचं गेलं. तिच्या हातचं आज फार थोडं उरलंय, त्यामुळे या छापील पानांची किंमत मला जास्तच वाटते.

उतामारोचं ते पुस्तक न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर फुकट बघता येतं. तुमच्या रविवार पुरवणीत या पुस्तकांवर एक पूर्ण पान द्या ना, आणि सुरुवात ओईपासून करा.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक