शिनगार्डच्या पिशवीतलं पत्र

प्रिय पिलू,

हे पत्र तुझ्या नडगीला बांधायच्या शिनगार्डच्या पिशवीत ठेवतेय. स्वीडनला, गॉथेनबर्गला पोचून शाळेच्या वर्गात गाद्या टाकल्यात की सापडेल. गोथिया कपला, म्हणजे तुमच्या या फुटबॉल स्पर्धेला, संघांना तिथल्या शाळांमध्ये उतरवतात हे कळल्यापासून माझ्या जिवाला जरा बरं वाटतंय. परका देश असला तरी फळा नि बाकं ओळखीचीच ना.

गेल्या आठवड्यात तू बाबांना विचारलंस, "मी गोल केले तर पैसे वसूल होतील ना?" बाबा काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. म्हणजे एफडी मोडायचं आमचं बोलणं तू ऐकलंस. चूक आमची, दार लावून बोलायला हवं होतं. पण ऐकलंच आहेस तर पुढचंही ऐक. ते पैसे आम्ही तुला उधार दिलेले नाहीत. व्हिसाच्या कागदांवर दोघांनी सह्या केल्या तेव्हाच तो विषय संपला. आणि तू लेफ्ट बॅक आहेस गं, डावीकडून बचाव करणारी! वसुलीसाठी गोल करायला पुढे धावत सुटलीस, तर मागची जागा कोण सांभाळणार?

तुला आठवतं, 2022 साली दिवाळी नुकतीच सरली होती आणि आपण डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल बघायला गेलो होतो? तू दहा वर्षांची होतीस. स्पेन विरुद्ध कोलंबिया. ब्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य, आणि मग कोलंबियाच्याच बचावपटूकडून चेंडू स्वतःच्याच जाळीत गेला. स्पेन 1-0 ने जिंकलं. नेरुळच्या रस्त्यावरून चालत घरी येताना तू माझा हात घट्ट धरून विचारलंस, "आई, तिला घरी ओरडतील का?" मी "नाही गं" म्हणून तुला आइस्क्रीम घेऊन दिलं. उत्तर घाईत दिलं होतं. आज नीट देते: आपल्या घरी कोणी ओरडणार नाही. तुझ्या पायाला लागून चेंडू आत गेला, तरी नाही. त्या रात्री फोन कर, न बोलता नुसती रडलीस तरी चालेल. स्वीडनचं घड्याळ आत्ता आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. इथे कितीही वाजलेले असू देत, मी उचलीन.

पालकांच्या ग्रुपवर रोज तेच येतंय, की 2025 मध्ये पंजाबच्या मिनर्व्हा अकॅडमीच्या मुलांनी गोथिया, दाना आणि नॉर्वे असे युरोपातले तिन्ही कप जिंकले. खरंच मोठी गोष्ट आहे, मलाही ऊर भरून आला. पण ती मुलं अकॅडमीतच राहतात, रोज मैदानात उतरतात. तुम्हा मुलींना शाळा आणि क्लास सांभाळून आठवड्यातून तीन दिवस कृत्रिम गवताचा टर्फ मिळतो, तोही तासाच्या हिशेबाने, आणि पुढच्या स्लॉटवाले जाळीबाहेर उभे असतात. ही तुलना मोठ्यांनी करायलाच नको होती.

गटात पहिल्या दोनांत आलात तर ए बाद फेरी, नाहीतर बी, पण बाद फेरी सगळ्यांना खेळायला मिळते. मला ही पद्धत फार आवडली. बी मध्ये गेलात तर तोंड पाडून ट्राममध्ये बसू नका. समोर कुठल्या तरी दुसऱ्याच देशाच्या मुली असतील, त्यांचे पाय कसे पडतात ते बघ. जुलैत तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो म्हणे. उजेड आहे म्हणून जागत बसू नकोस, डोळ्यांवर ओढणी घे.

काल वॉशिंग मशीनची जाळी साफ केली. टर्फचे ते काळे रबराचे दाणे मूठभर निघाले. एरवी मी त्यावरून किती कटकट करते! काल ते हातात घेऊन नुसती बसून राहिले.

मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू उजव्या कप्प्यात आहेत. लाडू सगळ्या मुलींना पुरतील असे मोजून केलेत. बाबा बॅगेचं वजन पुन्हा करतायत, जास्त भरलं तर माझी छत्री काढतील, लाडू नाही.

तुझी,
आई