कपाटातली वही

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "ती वाळवलेल्या पानांची वही रद्दीत टाक आई, आता डॉक्टरकीत कुठला वेळ!" मी हो म्हटलं खरं, पण टाकवेना. रात्री चाळत बसले. जुन्नरला वेचलेला तेरडा अजून आहे, रंग उडालाय एवढंच.

आपली लोकल दापोडीला थांबते ना, तिथे कंपनी सरकारची वनस्पतींची मोठी बाग होती. १८३८ पासून नऊ वर्षं ती अलेक्झांडर गिब्सनने सांभाळली. हा स्कॉटलंडचा सर्जन. दख्खन-खानदेशात देवीची लस टोचायचं कामही त्याने केलं. तेव्हा डॉक्टरला झाडं ओळखावीच लागत, कारण बरीचशी औषधं त्यातूनच निघायची. दापोडीला आणि जुन्नरकडच्या हिवऱ्याला तो सोनामुखी, खुरासानी ओवा लावायचा, सरकारी दवाखान्यांना औषध पुरवायचं म्हणून. त्याला ही दोन कामं वेगळी वाटलीच नसतील.

१८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जहाजांसाठी सागवान सपाट होत चाललं होतं. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, माती वाहून खाड्या भरतात, हे त्याने सरकारला लिहून कळवलं. कोकणात आज आपण तेच बघतो. डोंगरातल्या लोकांच्या कुमरी शेतीला, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीला, मात्र त्याने विरोध केला. ते मला पटत नाही. त्यांचं पोट त्यावर होतं.

मला सगळ्यात जवळची वाटतात ती त्याने चित्रकाराकडून काढवून घेतलेली चित्रं. १८४७ ते १८५० मध्ये पोर्तुगीज वळणाच्या एका भारतीय चित्रकाराने बागेतली झाडं जलरंगात उतरवली. दीडशेहून जास्त चित्रं आहेत, एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपलेली. गिब्सनचं नाव आपल्या सह्याद्रीतल्या हबेनारिया जातीच्या एका ऑर्किडला मिळालं. ज्याने पाकळीन् पाकळी रंगवली, त्या माणसाचं नाव मात्र कुणी लिहूनच ठेवलं नाही. मला त्याची फार हळहळ वाटते.

म्हणून तुझी वही पुन्हा उलटीपालटी करून पाहिली. झाडांची नावं आहेत, गावं आहेत, तारखा आहेत. तुझं नाव कुठेच नाही. मी ती शिवणयंत्राच्या खणात ठेवलीय. दिवाळीला आलीस की पहिल्या पानावर घाल.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई