गॉब्लिनवाल्या दादाला थँक्यू

दादा,

हे तोंडावर सांगायला गेले असते तर तू "अगं चल, शफल कर" म्हणून उडवून लावलं असतंस, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे आपल्या टेबलावर नवीन येणाऱ्या पोरांनाही कळेल.

मॅजिक या पत्त्यांच्या खेळात कमांडर (एक पत्ता सरदार ठेवून, प्रत्येकी ४० लाइफने खेळायचा प्रकार) खेळायला आले तेव्हा माझ्याकडे गॉब्लिनचा डेक होता, म्हणजे डेक कसला, १०० पत्त्यांत जे जे गॉब्लिन मिळाले ते सगळे कोंबलेले, लँड (ज्यातून पत्ते खेळायला लागणारी ताकद, म्हणजे माना मिळते) फक्त ३१ आणि सरदार म्हणून डोक्यावर क्रेंको. त्याला टॅप केला, म्हणजे पत्ता आडवा केला, की जेवढे गॉब्लिन आपल्याकडे तेवढे नवीन येतात, एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. मला वाटायचं झालं की, जत्रा भरवायची आणि सोडायची अंगावर.

तो कोट ऑफ आर्म्सवाला डाव आठवतो ना? माझे क्रेंको धरून आठ गॉब्लिन, मी पाच माना टाकून कोट ऑफ आर्म्स (एका टोळीचे जितके जास्त, तितका त्यातला प्रत्येक मोठा करणारा पत्ता) खाली ठेवला, एकेक चिल्लर गॉब्लिन एकदम ८/८ (मार आठ, जीव आठ) झाला आणि मी क्रेंकोसकट सगळेच्या सगळे एका माणसावर घातले. तो गेला. मी खुर्चीवरून उठून नाचले पण. मग पुढची टर्न एल्फवाल्याची, आणि त्याच्याकडे नऊ एल्फ. कोट ऑफ आर्म्स कुणाचं घर बघत नाही, टेबलावरच्या प्रत्येक टोळीला फुगवतो, तेही माझ्या पाच मानांत. नऊ एल्फ प्रत्येकी ९/९, माझी सगळी फौज अटॅकमुळे टॅप होऊन आडवी पडलेली, अडवायला कुणी नाही, लाइफ ३१. मेले.

सगळे हसले, तू नाही हसलास. तू एवढंच विचारलंस, "क्रेंकोला अटॅकला का पाठवलंस?" आणि मग मागे जाऊन पूर्ण टर्न परत मांडून दाखवलीस. अटॅकच्या आधी त्याला टॅप केला असता तर आठ नवीन आले असते, ते नवीन म्हणून अटॅक करू शकत नाहीत पण घरी उभे राहून ब्लॉक तर करतात, आणि कोटामुळे सोळाच्या सोळा गॉब्लिन फुगले असते. एल्फवाल्याची अंगावर यायची हिंमत झाली नसती. मी तेव्हा चिडलेले होते त्यामुळे नीट थँक्यू पण म्हटलं नाही, सॉरी.

पुढच्या रविवारी तू माझा डेक फरशीवर पसरलास आणि तीन तास घालवलेस. लँड ३६ केलेस. कोट ऑफ आर्म्स काढून शेअर्ड अ‍ॅनिमॉसिटी घातलंस, तीन मानांचं, आणि ते फक्त आपल्या अटॅकवाल्यांनाच वाढवतं. इम्पॅक्ट ट्रेमर्स तर मी कचरा म्हणून बाजूला ठेवलेलं, तू म्हणालास चार जणांच्या डावात हेच सोनं, कारण एक गॉब्लिन आला की तिघांनाही एकेक लागतो, क्रेंकोने आठ आणले की बसल्या जागी प्रत्येकी आठ, आणि घर उघडं टाकावं लागत नाही. समोर ४० लाइफची तीन माणसं असताना एकेकाला बडवत बसलं की उरलेले दोघं आपल्यालाच धरतात, हे मला तोपर्यंत खरंच डोक्यात आलं नव्हतं.

स्कलक्लॅम्पचा (गॉब्लिनला लावायचं हत्यार, मार एकने वाढवतं पण जीव एकने कमी करतं) घोळही तूच सोडवलास. १/१ गॉब्लिनला लावला की तो मरतो आणि दोन पत्ते मिळतात, पण टेबलावर चीफटन (बाकीच्या गॉब्लिनना वाढवणारा गॉब्लिन) असला की गॉब्लिन २/२ होतो आणि मग मरतच नाही मेला! मी लॉर्ड, म्हणजे चीफटनसारखे टोळीला वाढवणारे पत्ते, काढायला निघाले होते, तू स्कर्क प्रॉस्पेक्टर दिलास, गॉब्लिन बळी द्यायचा, एक लाल माना घ्यायची, तीच पुढच्या क्लॅम्पला भरायची. (लॉर्ड हा शब्द का म्हणतात ते पण तेव्हाच कळलं, जुन्या गॉब्लिन किंगवर टाइप म्हणून 'लॉर्ड'च छापलेलं, तो राजा स्वतः गॉब्लिनच नव्हता. मॅजिकच्या कंपनीने २०२३ मध्ये पत्त्यांवरचा 'ट्रायबल' हा शब्द बदलून 'किंड्रेड' केला, आपण टोळीच म्हणतो, ठीक आहे.)

आणि हात रिकामा करायचा नाही, ही तुझी कटकट. कुणीतरी रॅथ ऑफ गॉड (टेबलावरचे सगळे प्राणी मारणारा पत्ता) टाकणारच. परवा टाकलंच, माझे बावीस गॉब्लिन एका झटक्यात साफ, पण हातात वॉरचीफ धरून आणखी तीन गॉब्लिन होते आणि क्रेंको परत आणायला चाराऐवजी सहा माना (सरदार परत आणायचा तर दरवेळी दोन जास्त) लागणार हे धरून मी लँड नीट टाकत आले होते. दोन टर्नमध्ये परत उभी राहिले. जिंकले नाही, दुसरी आले, तरी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

महागडे पत्ते तू प्रिंट काढून स्लीव्हमध्ये घालून दिलेस, "आधी खेळून बघ, मग विकत घे", त्यातले निम्मे नंतर लागलेच नाहीत, पैसे वाचले. स्कलक्लॅम्प मात्र तुझा खराखुरा अजून माझ्याकडेच आहे. या रविवारी आणते, सोबत साताऱ्याचे कंदी पेढे पण. फक्त पेढा खाऊन हात धू आणि मगच माझ्या स्लीव्हना हात लाव.