‘हूक लावता येतात का?’ असं विचारणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

केमोच्या डे-केअर वॉर्डातल्या गडबडीत तुमच्याशी निवांत बोलणं कधी झालंच नाही. माझं सलाईन संपायच्या आत पुढचा पेशंट दारात उभा असायचा. म्हणून आता लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही सांगितलेल्या गोष्टी केमो घेणाऱ्या इतरांच्याही कानावर जायला हव्यात.

मी ब्लाउज शिवते. मशीन पायावर चालतं, पण हूक, काज, हातशिलाई हे सगळं बोटांच्या टोकांवर. दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे माझं केमोचं औषध, सुरू झालं आणि काही दिवसांत अंगठ्यांची नखं तपकिरी पडली, दुखायला लागली. भाजीची पिशवी उचलतानाही कळ यायची. बोटांची टोकं जाड कापड गुंडाळल्यासारखी बधिर झाली होती. घरचे म्हणायचे, जीव वाचतोय ना, नखं काय परत येतील. त्यांच्या म्हणण्यात मायाच होती. पण त्यामुळे या दुखण्याबद्दल बोलायची सोयच उरली नव्हती.

त्या दिवशी तुम्ही बीपी घेतलंत, वजन लिहिलंत आणि सहज विचारलंत, “मावशी, ब्लाउजचे हूक तुमचे तुम्हाला लावता येतात का?” मी म्हटलं, नाही, सून लावून देते. तुम्ही पेन खाली ठेवलंत. माझं एकेक बोट हातात घेऊन टोक दाबून पाहिलंत, डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा फिरवलात आणि कुठे कळतंय ते विचारलंत. मग फाइल घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलात. त्यांनी डोस कमी केला. हा बधिरपणा अंगावर काढायचा नसतो, वाढत गेला तर काहींचा पूर्ण जातही नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. मुंग्या येतात का असं मला पूर्वीही विचारलं होतं, आणि मी “थोड्या येतात” म्हणून सोडून दिलं होतं. हुकांच्या प्रश्नाला मात्र तसं मोघम उत्तर देता येत नाही.

पुढच्या वेळेपासून डॉक्टरांना विचारून तुम्ही माझे हात गार ठेवायला सुरुवात केलीत. औषध पोर्टमधून, म्हणजे छातीत कातडीखाली बसवलेल्या नळीतून, जात होतं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे होते. औषध सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधीपासून ते संपल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत. आत पातळ सुती मोजे, वर फ्रीजमधले जेल पॅक, आणि ते कोमट झाले की तुम्ही बदलायला हजर. थंडीनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे औषध कमी पोचतं, हे तुम्ही समजावलंत. २००५ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी डोसेटॅक्सेल हे माझ्या औषधाच्याच जातीचं औषध घेणाऱ्या ४५ रुग्णांच्या एका हाताला गार मोजा घालून पाहिला होता, हेही सांगितलंत. उघड्या हाताच्या नखांना ५१ टक्के रुग्णांमध्ये त्रास झाला, मोज्यातल्या हाताला ११ टक्के. हा आकडा ऐकल्यावर गारठा सोसायला मला बळ आलं.

शेजारच्या खुर्चीवरचे काका म्हणाले, मलाही द्या की बर्फ. तुम्ही लगेच नाही म्हणालात. त्यांना ऑक्झॅलिप्लॅटिन चालू होतं, आणि त्या औषधात गार लागलं की मुंग्या उलट भडकतात. एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला बाधतं, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की काकांनी त्या दिवसापासून गार पाणीसुद्धा सोडलं.

त्याच काकांच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात सोलवटले आणि बोटांचे ठसे पुसट झाले. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मशीन अंगठा घेईना. ते रडकुंडीला आले होते. चेहरा दाखवूनही दाखला निघतो, ही सोय २०२१ पासून आहे, हे तुम्ही त्यांच्या मुलाला मोबाइलवर उघडून दाखवलंत. हे काही नर्सच्या कामात बसत नाही, तरी केलंत. या गोळ्या नव्यानं सुरू होणाऱ्यांना डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या जेलबद्दल डॉक्टरांना विचारायलाही तुम्हीच सांगत होतात. दिल्लीच्या एम्समधल्या २६४ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, हातापायांचा मध्यम ते तीव्र त्रास औषध नसलेल्या साध्या जेलवर १५ टक्क्यांना झाला आणि या जेलवर ३.८ टक्क्यांना. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी गोष्ट!

माझी दोन नखं तरीही सुटली. तुम्ही बजावलं होतंत, ओढायचं नाही, सुटलेला भाग तेवढा कापायचा आणि वर कागदी चिकटपट्टी लावायची. भांड्यांना रबरी मोजे, आत सुती. रात्री युरियाचं क्रीम. पू दिसला किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता फोन. एका रात्री खरंच पू आला, मी फोन केला, आणि अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं.

आता नवी नखं वर येताहेत, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर, तुम्ही म्हणाला होतात तशीच. जुन्या डोसांच्या आडव्या रेघा पुढे सरकत सरकत कापून गेल्या. डाव्या हाताची दोन बोटं अजून थोडी बधिर आहेत. पण मी पुन्हा हूक लावते आहे, स्वतःचे आणि गिऱ्हाइकांचेही. अंगुस्तान आता दोन्ही हातांना घालते.

सिस्टर, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, ते फेडायचेही नाहीत मला. पण वॉर्डातले सुती मोजे धुऊन धुऊन विरलेत, हे मी पाहिलं आहे. होजिअरीचं मऊ कापड आणून ठेवलंय, आतल्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेईन म्हणजे नखांना लागणार नाहीत. लहान, मध्यम, मोठे, किती जोड हवेत ते कळवा. पुरुषांच्या हातांची मापं तेवढी घेऊन ठेवा.

तुमची,
शिलाईवाली मावशी