प्रश्न नातवाने विचारायचा, उत्तर आजोबांनी द्यायचे

संपादक महोदय, स.न.वि.वि.

इस्राएलमधल्या मराठी ज्यूंवर लेख आला की 'ते अजून मराठी बोलतात' एवढ्यावरच कौतुक थांबते. १९४८ नंतर लोद, रामले, बीरशेवा, दिमोना या तिथल्या गावांत जाऊन राहिलेल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून गेलेल्या मराठी ज्यूंच्या, घरांत मराठी आजोबांकडे राहिली आणि नातू शाळेतून हिब्रू घेऊन आला. या दोघांना शेजारी बसवणारी रात्र त्यांच्या धर्मातच आहे: पेसाह, म्हणजे मिसर देशातल्या गुलामीतून सुटकेचा सण. घरातल्या धाकट्याने 'आजची रात्र वेगळी का?' असे विचारायचे आणि थोरांनी त्या गुलामीपासून सगळे सांगायचे. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादामध्ये, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीत, म्हणूनच हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे. कोकणात या सणाला 'अनशी धाकाचा सण' म्हणत, म्हणजे आंबट तोंडीलावण्याचे भांडे झाकून ठेवायचा सण. हे नाव उलगडायला मराठीच लागते.

तसेच मनुकांच्या सरबताचे. त्या रात्री प्रत्येकाने द्राक्षाच्या दारूचे चार पेले घ्यायचे; या घरांत तिच्याऐवजी हे सरबत. पेला ९० मिलिलिटरचा धरला तर चौघांना जवळपास दीड लिटर. अर्धा किलो काळ्या मनुका धुऊन, उकळून गार केलेल्या पावणेदोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, हाताने कुस्करायच्या, फडक्यातून पिळायच्या. मिक्सर फिरवला तर बिया भरडून कडवटपणा येतो. उकाड्यात पातेले बाहेर राहिले की फेस धरते, म्हणून गाळल्यावर लगेच फ्रिजमध्ये. अथणी-विजापूरकडच्या हिरव्या बेदाण्याने गडद रंग येत नाही. भिजव, कुस्कर, पीळ, चोथा काढ: हे शब्द पुस्तकातून नाहीत, हातातून जातात.

बेळगाव, खानापूर, निपाणीत आज्जा-नातवाचे वेगळे काय आहे? नातवाला कन्नड आणि इंग्रजी यायलाच हवी. पण आज्जाशी 'जेवलास?' 'हो' याच्यापुढे बोलणे जात नसेल, तर 'मराठीत बोल' म्हणून दटावण्याने मूल बोलत नाही. पाडव्याला काठीला खण आणि कडुलिंब बांधायला त्याला बसवा, 'हे कशाला?' असे त्याला विचारू द्या, आणि उत्तर आज्जालाच देऊ द्या, मध्ये आईबाबांनी बोलू नये. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे तर एका वेळी एकच कृती घ्यावी. 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' म्हटले की म्हातारी माणसे गप्प होतात.

आपल्या रविवार पुरवणीत आज्जांच्या अशा कृती नातवंडांच्या हस्ताक्षरात छापाव्यात, ही विनंती.

— एक वाचक, खानापूर