मुंग्या बसून बसून येत नाहीत

चि. नितीन,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते आहे. परवा तुझी चप्पल पायातून निसटली आणि तू तसाच पुढच्या खोलीत गेलास. तुला पत्ताच नव्हता. अंधारात भिंत धरून चालतोस, रात्री तळपायाची आग होते म्हणून पांघरूण झुगारतोस. ‘बसून बसून मुंग्या येतात’ हे आता पुरे झालं.

वर्षानुवर्षं रोज प्यायल्यावर नसांचं असं होतं. दारू नसांना थेट मारते, त्यात जेवण सुटतं, आणि पोटात जाईल त्यातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आतड्यात नीट शोषलं जात नाही. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून आधी त्यांच्यावर बेततं. दोन्ही पाय सारखेच, तळव्यापासून वर. हाताची बोटं नंतर.

न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे नसांच्या डॉक्टरांना, दाखव. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलास तरी चालेल, पण जा. ते ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्यावर टेकवून कंप जाणवतो का विचारतील, घोट्यामागे हातोडी मारून बघतील. रक्तातली साखर आणि बी-१२ तपासतील, कारण मधुमेहानं किंवा बी-१२ कमी पडल्यानंही हेच होतं आणि कारणं एकत्रही असू शकतात. नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसांतून संदेश नीट जातो का ते बघायची तपासणी, सांगितली तर बारीक शॉक बसतात, तेवढंच.

तिथे किती पितोस ते खरं सांग. ‘कधीतरी, मित्रांबरोबर’ म्हणालास तर ते भलत्याच कारणामागे लागतील. रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, असं सरळ सांगायचं.

आणि हे नीट वाच: शपथ घेऊन एका रात्रीत सोडायला जाऊ नकोस. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेततं. सोडायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लागलं तर दाखल होऊन. तिथे थायमिन इंजेक्शननं देतात. एकाएकी बोलण्यात गोंधळ झाला, एकाचे दोन दिसू लागले, तोल जायला लागला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं. थायमिनची कमतरता मेंदूपर्यंत पोचली असू शकते.

मनानं नसांच्या गोळ्या आणून खाणं बंद कर. बी-६ जास्त प्रमाणात, जास्त दिवस घेतलं तर त्यानंच नसा बिघडतात! जळजळीसाठी प्रीगॅबालिनसारखं औषध देतात. त्यानं आग कमी होते, नस दुरुस्त होत नाही. आणि त्यावर दारू घेतली तर गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो.

गोड करून सांगत नाही. सुधारायला महिने लागतात, आणि सगळं पूर्ववत होईलच असं नाही. पण पिणं चालू राहिलं तर वाढतच जाणार. थांबलं तर बऱ्याच जणांचं तिथंच थांबतं, काहींना थोडंफार परत जाणवूही लागतं.

तोवर अनवाणी फिरू नकोस. रोज रात्री तळवे उजेडात बघ, जखम झालेली तुला कळणार नाही. अंघोळीचं पाणी पायानं नको, कोपरानं बघ.

अपॉइंटमेंट घेतलीस की तारीख कळव. म्हणशील तर आत येईन, नाहीतर बाहेर बसेन. बोलायचं मात्र तू.

तुझी आई