माळ्यावरच्या कॅसेट भंगारात देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रेडिओच्या सुवर्णकाळातल्या गाणं-विनोदाच्या कार्यक्रमांवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. रेडिओ म्हटलं की सगळे फक्त जुन्या गाण्यांवरच लिहितात, म्हणून अमेरिकेतल्या रेडिओवरच्या विनोदी कलाकार जॅक बेनीबद्दल मराठीत वाचून फार बरं वाटलं. पण एक माणूस राहिला हो, आणि तो तर आपल्या नगरचा! इंग्लंडच्या रेडिओवरच्या 'गून शो' या विनोदी कार्यक्रमाचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९१८ साली अहमदनगरला जन्मला, वडील ब्रिटिश फौजेत, त्यामुळे लहानपणी पुण्यातही राहिला. १९५१ ते १९६० असा तो कार्यक्रम चालला आणि अर्ध्या तासात मधेच गोष्ट थांबवून मॅक्स गेल्ड्रे माऊथ ऑर्गन वाजवायचा, नंतर परत थांबवून रे एलिंग्टनचं गाणं, की पुन्हा दंगा सुरू. मुलाने मोबाईलवर लावून दिला तेव्हा इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं तरी मी हसत होते.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं आज आपल्याला ऐकायला मिळतं ते कुणीतरी जपलं म्हणून. अमेरिकेत तेव्हा हे कार्यक्रम लाइव्ह व्हायचे, पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत तीन तासांचा फरक, म्हणून बरेच कलाकार एकाच दिवशी तोच कार्यक्रम दोनदा करायचे. गायक बिंग क्रॉसबीला हे नको होतं, त्याने १९४६ पासून रेकॉर्ड केलेला कार्यक्रम लावायला सुरुवात केली, आधी तबकड्यांवर आणि पुढच्या वर्षी टेपवर. शिवाय युद्धात सैनिकांना ऐकायला तबकड्या पाठवायचे, १६ इंची मोठ्या, एका बाजूला साधारण १५ मिनिटं. त्यातल्या कितीतरी तबकड्या लोकांच्या घरात राहिल्या आणि पुढे ऐकणाऱ्यांनीच त्यांच्या कॉप्या केल्या. तरी 'गून शो'चे सुरुवातीचे बरेचसे भाग गेले ते गेलेच.

मग आपलं काय? आपल्याकडे पण केवढं होतं! आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधले प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, आमची आई त्यांच्याबद्दल शेजारी राहत असल्यासारखी बोलायची. विविध भारतीचं नाटुकल्यांचं 'हवामहल' लागलं की जेवणं अर्धवट राहायची.

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. माळा रिकामा करताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांच्या सात कॅसेट सापडल्या, कव्हरवर निळ्या शाईत तारीख, आणि 'पुसू नये' खाली दोन रेघा मारून. बाबा वागळे इस्टेटला कामाला होते, सेकंड शिफ्ट असली की 'हवामहल' चुकायचं, मग आई टू-इन-वनचं, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्राचं, रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवायची. १५ मिनिटांचा कार्यक्रम, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला दोन बसायचे. एक कॅसेट तर चालेचना, आतला छोटासा स्पंज निघून पडला होता, स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याने पाचही स्क्रू काढले, टेप अलगद उचलून दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवली आणि माझ्याकडून पैसेच घेईना, म्हणाला आधी ऐकू तर द्या. दुकानात उभ्या उभ्या ऐकली. सुरुवातीची धून, मग संवाद, मधेच आमच्या कुकरची शिट्टी, आणि आईचा आवाज, "अगं गॅस बंद कर, बाबांचं रेकॉर्डिंग चाललंय." ते मलाच म्हणत होती. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

त्याच आठवड्यात आमच्या जिन्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी कॅसेटची दोन पोती भंगारवाल्यासाठी काढून ठेवली होती. मी विचारेपर्यंत गेली पण. सध्या नौपाडा, चरई, राम मारुती रोड सगळीकडे जुन्या बिल्डिंगा पडतायत, म्हणजे माळे रिकामे होतायत, आणि त्यात काय जातंय ते कुणी बघत नाही, बघायला वेळच नसतो, मला कळतं ते.

म्हणून विनंती आहे की तुम्ही एकदा पहिल्या पानावर आवाहन छापा, ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी रेडिओवरून घरी टेप केलेलं काहीही असेल, नाट्य, श्रुतिका, विनोदी कार्यक्रम, स्पूल असो की कॅसेट, तर फेकायच्या आधी एकदा कळवा. आणि ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून पुस्तकं सांभाळतंय, त्यांनी एक कपाट आणि हेडफोन लावून ऐकायला एक टेबल दिलं तर फार मोठं काम होईल. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेणं काही अवघड नाही, माझ्या मुलाने एका रविवारी तीन केल्या. उरलेल्या चार झाल्या की ओरिजिनल सातही मी तिथे नेऊन द्यायला तयार आहे, कुकरच्या शिट्टीसकट.

आपली नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे